खिशातले घड्याळ : प्रत आणि मूळगाव



मी घड्याळजी नव्हे, इतिहासाचा पदवीधरही नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयात झाले. गेल्या वर्षी त्या कचेरीत एक घड्याळ आले. त्याने शिकवलेला धडा आज आपल्यापुढे ठेवतो.

आणणारे गृहस्थ वणीकडचे. त्यांचे आजोबा जिनिंगमध्ये मजूर होते. घड्याळाच्या पाठीवर आगगाडीचे इंजिन कोरलेले. घरात समज असा की, हे रेल्वेचे, विलायती, चांदीचे घड्याळ; शकुंतलेच्या एखाद्या गार्डाने दिले असावे. गिऱ्हाईक तयार होते, आणि मुलीची फी भरायची होती. "खरे काय ते सांगा," ते म्हणाले.

खरे कसे ओळखावे? पहिला नियम हा की तबकडीवर विसंबू नये. तबकडीवरचे नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते. 'वेस्ट एंड वॉच कंपनी, मुंबई, कलकत्ता' अशी तबकडी पाहून घड्याळ मुंबईत घडले असे कोणी म्हणेल, तर ते चूक. आतले यंत्र स्वित्झर्लंडचे. दुसरा नियम, केस आणि यंत्र वेगळे वाचावे. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह असतो; बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. पण हे छाप केसची साक्ष देतात, यंत्राची नव्हे. अमेरिकेत तर केस एका कारखान्याची आणि यंत्र दुसऱ्याचे, हा रिवाजच होता. म्हणून वॉल्थमसारख्या घड्याळाचे साल आणि प्रत शोधताना यंत्रावर कोरलेला क्रमांक पाहतात, केसवरचा नव्हे.

आणि प्रत म्हणजे काय? एप्रिल १८९१ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात किप्टन येथे दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. चालकाचे घड्याळ चार मिनिटे मागे पडले होते. त्यानंतर वेब बॉल या जवाहिऱ्याच्या देखरेखीखाली रेल्वेच्या घड्याळांचे कडक नियम झाले : किमान १७ माणके, पाच निरनिराळ्या स्थितींत ठेवून जुळवणी, आणि आठवड्यात ३० सेकंदांहून अधिक चूक नाही. रेल्वेचे घड्याळ ठरते ते या कसोटीवर, पाठीवरच्या चित्रावर नव्हे.

आम्ही घड्याळजीकडून झाकण उघडवले. सिंह नाही, बिबट्या नाही. केस साध्या निकेलची. जिथे माणके असावीत तिथे पोलादाच्या बारीक पिना. घड्याळजी म्हणाले, "हे रॉस्कॉफ पद्धतीचे. यावर इंजिन कोरून ढिगाने विकत." किंमत तिथेच कोसळली. ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "आजोबांना रोज पोटाची मारामार. मग हे घेतले कशाला?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकांत शोधले. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफ हा स्वित्झर्लंडमधला घड्याळकार. मजुराला परवडेल असे घड्याळ करायचे, हा त्याचा ध्यास. चक्रे कमी केली, माणकांच्या जागी पिना घातल्या, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात २० फ्रँकचे घड्याळ मांडून पदक मिळवले. त्याचे नाव त्याने ठेवले होते 'प्रोलेतेर', म्हणजे श्रमिक. पुढे त्याची पद्धत कित्येकांनी उचलली.

श्रमिकाला घड्याळ का हवे, हे आपल्याच इतिहासात दिसते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. मुंबईच्या स्थानिक वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे. जेकब सॅसून गिरणीचे घड्याळ पुढे सरकताच त्याच महिन्यात हजारो कामगार कामावर न जाता बाहेर उभे राहिले. आपल्या यवतमाळात सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे साडेसतरा मिनिटे मागे चालतो. आणि जिनिंग म्हणजे हंगामी धंदा. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यातून वगळले होते; ते कायद्याच्या कक्षेत आले १९११ साली. भोंगा वाजे मालकाच्या घड्याळावर. तो लवकर वाजला की उशिरा, हे मजुराने कशाच्या आधारे सांगावे? सूर्याकडे बोट दाखवून हजेरी लागत नसे.

आजोबांच्या मनात नेमके काय होते, याचा कागद नाही. पण त्या काळी मजुराच्या खिशातले घड्याळ ही चैन नव्हती, साक्ष होती, एवढे मी ठामपणे म्हणतो.

मी त्या गृहस्थांना सगळे सांगितले. विकू नका असे म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. फी माझ्या मुलीची नव्हती. त्यांनी गिऱ्हाइकाला खरी प्रत सांगितली, आणि सौदा मोडला. फीची सोय संघटनेतल्या चौघांनी उसनवारीने केली. ते पैसे आता जवळजवळ फिटले आहेत.

आपल्या घरातही एखादे जुने घड्याळ पडले असेल. ते जाणत्या घड्याळजीकडून उघडून घ्या. यंत्रावरचा क्रमांक आणि केसवरचे छाप वहीत उतरवा, आणि ते कोणी, कशासाठी घेतले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. प्रत आणि मूळगाव घड्याळजी सांगतील; शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फक्त त्यांच्याजवळ आहे.