संकट कुणाचे?

संकट आल्याशिवाय समाज बदलत नाही, असे नेहमी म्हटले जाते. मुस्लिम समाजाबद्दल तर जरा जास्तच. हे विधान पारखून घ्यायचे असेल, तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याचा इतिहास पाहावा.

हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे. रूढ हनफी मतानुसार स्त्रीला खुला मागता येई, पण त्यालाही नवऱ्याची संमती लागे. नवरा परागंदा झाला, तर त्याच्या बरोबरीची माणसे हयात असेपर्यंत वाट पाहायची. काही फकीहांनी ही मुदत त्याच्या वयाच्या ९० वर्षांपर्यंत सांगितली होती. नवरा पोसत नाही, मारझोड करतो, एवढ्यावरून निकाह तुटत नसे. सुटकेची एकच वाट उरे, ती म्हणजे धर्म सोडण्याची. धर्मत्यागाने निकाह आपोआप संपतो, हे मत इंग्रजी न्यायालयेही मानत.

पंजाबात काही स्त्रियांनी ही वाट धरली. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानसंग्रहात अल्लामा इक्बाल यांनी याचा उल्लेख केला आहे. पुढच्याच वर्षी मौलाना अशरफ अली थानवी यांनी ‘अल-हीलतुन नाजिझा’ हा ग्रंथ सिद्ध केला. थानवी साहेब काही सुधारक नव्हते; ते परंपरेचे कडवे पाईक. पण त्यांनी हिजाजच्या मालिकी मुफ्तींचे फतवे मागवले आणि मालिकी मताचा आधार घेऊन बेपत्ता नवऱ्यासाठी चार वर्षांची मुदत पुरेशी ठरवली. १९३६ मध्ये काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले आणि १९३९ मध्ये त्याचा कायदा झाला. चार वर्षे पत्ता नसणे, दोन वर्षे न पोसणे, छळ करणे अशा कारणांवरून स्त्रीला न्यायालयात निकाह तोडून मागता येऊ लागला.

म्हणजे संकटाने बदल घडवला, हे खरेच. पण मालिकी मत तर शतकानुशतके किताबांत होते. स्त्रीचे हालही जुनेच होते. मग इतका उशीर का? ती घरात रडत होती, तोवर ते तिचे नशीब होते. ती धर्म सोडू लागली, तेव्हा ते समाजाचे संकट झाले. शिरगणती आणि स्वतंत्र मतदारसंघांच्या त्या काळात संख्येला वजन होते. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने धर्मत्यागाने निकाह आपोआप संपण्याची वाटही बंद केली. स्त्रीसाठी दार उघडले आणि त्याच वेळी तिची जुनी पळवाट बुजवली.

आता महाराष्ट्राकडे पाहू. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही त्यांची मागणी. येथेही आधार तयार होते. एका दमात दिलेल्या तीन तलाकला खुद्द फिकहनेच ‘बिदअत’ म्हटले आहे. इजिप्तने १९२९ मध्येच असा तलाक एकच मानण्याचा कायदा केला होता. पण या सात जणी धर्म सोडून चालल्या नव्हत्या. त्यांचे दुःख समाजाला संकट वाटले नाही. उलट मोर्चा काढणाराच संकट वाटला.

पुढे ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची शिक्षा ठेवली. ही शिक्षा योग्य की अयोग्य, यावर आपल्यात मतभेद आहेत. पण १९३१ मध्ये मसुद्याचा पाया आपल्याच आलिमाने घातला होता. २०१९ मध्ये लेखणी आपल्या हाती नव्हती, हे मान्य करावे लागेल.

समाज संकटातच बदलतो की नाही, यापेक्षा तो कुणाच्या दुःखाला संकट मानतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. घरातल्या लेकीबाळींचे हाल आपल्याला वेळीच संकट वाटले, तर बदलासाठी बाहेरच्या धक्क्याची वाट पाहावी लागणार नाही.