पाषाणकुळीचा वायू

बंगळूरच्या लालबागेत केंपेगौडांचा बुरूज शिरावर घेऊन बसलेला सुमारे ३०० कोटी वर्षांचा पट्टिताश्म पाहिला, म्हणजे याहून अचल वस्तू पृथ्वीवर नसावी असे वाटते. परंतु त्याच्या कणाकणांत एक वंश अखंड चालू आहे, आणि त्या वंशातले एकच अपत्य वायुरूप असल्यामुळे पितृगृह सोडून भूपृष्ठाकडे निघते. तो रेडॉन. मूळपुरुष युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे ४५० कोटी वर्षांचे, अनेक पिढ्यांनंतर येणाऱ्या रेडियमचे १,६०० वर्षांचे, आणि रेडियमपोटी जन्मणाऱ्या रेडॉनचे अवघे ३.८ दिवसांचे.

एवढ्या अल्पायुषी जीवाचे बारसे मात्र वारंवार झाले. जर्मनीतील हाले येथे १९०० साली फ्रीड्रिख डोर्न यांनी त्याची नोंद केली, तेव्हा तो केवळ रेडियमचे ‘निःसरण’ होता. गोठविल्यावर तो तेजाळतो म्हणून विल्यम रॅम्झी यांनी त्यास ‘चकाकणारा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘नायटन’ म्हटले. आणि १९२३ साली जनकाची आठवण ठेवणारे ‘रेडॉन’ हे नाव कायम झाले. तत्पूर्वीच एल्स्टर आणि गाइटेल या स्नेह्यांनी जमिनीतून ओढून घेतलेल्या हवेतही किरणोत्सर्ग असल्याचे दाखवून या वायूचे मूळ घर उघड केले होते.

या वायूचे असेच एक घर म्हणजे बंगळूरच्या नैर्ऋत्येस असलेल्या रामनगरच्या टेकड्यांचा ग्रॅनाइट. त्याची भूशास्त्राच्या दफ्तरी नोंद ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ अशी आहे. १८०२ साली वसईच्या तहावर कंपनी सरकारतर्फे सही करणारे पुण्याचे रेसिडेंट बॅरी क्लोज त्याआधी म्हैसूर दरबारी होते. दिवाण पूर्णय्यांनी त्यांच्या नावे वसविलेली पेठ म्हणजेच हे रामनगर. तहाचा अंमल सरला, पेठेचे नाव पालटले, पण पाषाणाने ते जपले.

आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणापेक्षा ग्रॅनाइटात युरेनियम अधिक, म्हणून रेडॉनही अधिक. मातीतून आपल्या बळावर तो आपल्या आयुष्यात फार दूर जाऊ शकत नाही. मात्र खडकास भेग असली, की पाणी व इतर वायू त्यास दूरवरून वाहून आणतात. म्हणूनच जमिनीतील हवेत त्याचे प्रमाण एका रेषेने वाढलेले आढळले, तर खाली भ्रंश असावा असे अनुमान भूशास्त्रज्ञ करतात. बोअरवेलला पाणी देणारी भेगही तीच, आणि तिच्या पाण्यात विरघळून वर येणारा वायूही तोच.

बंद घरात साचल्यास तो फुप्फुसाच्या कर्करोगास कारण होतो. जागतिक आरोग्य संघटनेने घनमीटरमागे १०० बेक्वेरेलची मर्यादा सुचविली आहे ती यासाठीच. या खडकावर बिऱ्हाड करणाऱ्याने फरशीच्या भेगा बुजवाव्यात, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि एकदा तरी मोजणी करून घ्यावी. इतक्या प्राचीन कुळाशी शेजार करावयाचा, तर त्याची रीत जाणून घेणे हेच शहाणपण होय.