कबरींची साक्ष

धर्मप्रसाराचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती साधनांची. राजवृत्तांत आणि बखरी दरबाराच्या सावलीत लिहिल्या जातात. त्यांत धर्मांतर ही एका दिवसात, एखाद्या स्वप्नाने किंवा एखाद्या सत्पुरुषाच्या भेटीने घडून येणारी घटना असते. सुमात्रा बेटावरील पासाई राज्याच्या मलय वृत्तांतात राजा मेराह सिलू याला स्वप्नात पैगंबरांचे दर्शन होते आणि तो जागा होतो तेव्हा मुसलमान झालेला असतो. श्रद्धेच्या दृष्टीने अशा कथेला मोल आहे, यात शंका नाही. परंतु त्या काळी बंदरात, बाजारपेठेत आणि घराघरांत काय घडत होते, हे ती सांगत नाही. ते जाणून घ्यायचे तर ज्यांनी स्वतःविषयी काहीच लिहून ठेवले नाही त्यांच्याकडे, म्हणजे जमिनीखाली निजलेल्यांकडे वळावे लागते.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने इस्लामी दफनविधीचा एक विशेष आहे: त्याच्या साधेपणातच त्याची ओळख दडलेली आहे. मृतदेह कफनात गुंडाळून, उजव्या कुशीवर, मुख किब्ल्याकडे म्हणजे मक्केच्या दिशेने येईल असा ठेवला जातो. सोबत दागिने, शस्त्रे, अन्नाची भांडी असे काही ठेवायचे नाही, असा दंडक आहे. त्यामुळे दिशा देशागणिक बदलते, पण नियम बदलत नाही. फ्रान्समध्ये हे मुख आग्नेयेकडे असते, तर भारतात आणि जावात मस्तक उत्तरेला ठेवून मुख पश्चिमेकडे वळवतात. एखाद्या प्रदेशातील जुन्या दफनांची दिशा बदलली आणि त्याच सुमारास त्यांतील वस्तू नाहीशा झाल्या, तर तेथे नवा आचार रुजला असे अनुमान करता येते. मात्र दोन्ही खुणा एकत्र पाहिल्या पाहिजेत. केवळ वस्तूंच्या अभावावरून काही ठरत नाही. ख्रिस्ती दफनेही अनेकदा तितकीच रिकामी असतात.

या पद्धतीने किती सांगता येते याचे एक उदाहरण दक्षिण फ्रान्समधील नीम शहरात मिळाले. तेथील तीन दफनांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. देह उजव्या कुशीवर आणि मुखे आग्नेयेकडे होती. कार्बन कालमापनाने काळ सातव्या ते नवव्या शतकाच्या दरम्यानचा निघाला आणि जनुकीय तपासणीत पितृवंश उत्तर आफ्रिकेकडचा दिसला. त्या भागावरील अल्पकालीन मुस्लिम सत्तेचा उल्लेख ग्रंथांत होताच. आता तिच्या काळातली माणसे समोर आली. लक्षणीय गोष्ट अशी की, या कबरी रोमन तटबंदीच्या आत, इतर वस्तीपासून फारशा दूर नव्हत्या.

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माणूस स्वतःला पुरत नाही. त्याला इतर पुरतात. प्रवासी एकटा मरू शकतो, पण रीतीने दफन होण्यासाठी त्याच्याभोवती ती रीत जाणणारी चार माणसे तरी असावी लागतात, आणि ती जागा देणारे शेजारीही असावे लागतात. म्हणून कबर एका व्यक्तीच्या श्रद्धेपेक्षा एका समाजाच्या अस्तित्वाचा पुरावा अधिक असते. धर्मांतराचा क्षण तिच्यात सापडणार नाही. सापडेल ते सहजीवन. हे सूत्र हाती धरून आग्नेय आशियाकडे वळले, म्हणजे तेथील कबरी वेगळेच बोलू लागतात.

त्या प्रदेशात कबरी उघडण्याची गरज सहसा पडत नाही, आणि जेथे वंशज नांदत आहेत व कबरींचा मान राखतात तेथे त्या उघडणे उचितही नव्हे. बोलतात त्या वर उभारलेल्या शिळा. पासाईचा पहिला सुलतान मलिक अल्-सालिह याच्या शिळेवर हिजरी ६९६, म्हणजे इ.स. १२९७ हे मृत्युवर्ष आहे. त्याआधी पाचच वर्षे, १२९२ मध्ये, मार्को पोलो सुमात्रात आला होता. पेरलाक नगरातील लोक व्यापाऱ्यांच्या संपर्काने मुसलमान झाले आहेत, डोंगरातले मात्र नाहीत, असे त्याने नोंदवले. शिळा आणि प्रवासवर्णन परस्परांना दुजोरा देतात: नवा धर्म आधी बंदरात दिसतो, डोंगरात नंतर.

परंतु हे व्यापारी कोठले? या प्रश्नाचे एक उत्तर शिळांच्या दगडातच मिळाले असे डच अभ्यासक मोकेत यांना वाटले. पूर्व जावातील ग्रेसिक येथे मलिक इब्राहीम यांची १४१९ ची कबर आहे आणि पासाईला राणी नहरासियाची १४२८ ची. या दोन्हींवरील संगमरवरी कोरीवकाम गुजरातेतील खंभातच्या थडग्यांशी जुळते, हे त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिले. खंभातला १३३३ मध्ये निधन पावलेल्या उमर अल्-काझरूनी या व्यापारी धुरीणाच्या कबरीवर त्याच घराण्याचे काम दिसते. यावरून इस्लाम गुजरातेतून गेला असा निष्कर्ष काढण्यात आला. १९५१ मध्ये मॅरिसन यांनी त्यावर आक्षेप घेतला: मलिक अल्-सालिह वारला तेव्हा गुजरातेत वाघेला राजांची हिंदू सत्ता होती, तेव्हा उगम दक्षिण भारताच्या पूर्व किनाऱ्यावर शोधावा.

हा वाद उद्‌बोधक आहे, कारण त्यातील दोन्ही बाजूंचे गृहीतक तपासण्याजोगे आहे. सत्ता हिंदू असली तरी मुसलमान व्यापारी तेथे नांदत होतेच. १२६४ च्या वेरावळ लेखात होर्मुझच्या नूरुद्दीन फिरोझने वाघेला अर्जुनदेवाच्या राज्यात सोमनाथजवळ मशीद बांधल्याचा उल्लेख संस्कृतात आहे आणि कालनिर्देश हिजरीसह चार शकांत केलेला आहे. दुसरीकडे, कबरीचा दगड खंभातचा म्हणून आतला माणूस किंवा त्याचा धर्म खंभातहून आला, असेही ठरत नाही. खंभातच्या कारागिरांची थडगी ही निर्यातीची वस्तू होती. ती पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणि दक्षिण अरबस्तानातही पोहोचली. श्रीमंत माणूस जसे दूरदेशीचे रेशीम मागवी तसाच तो थडग्याचा संगमरवरही मागवी. दगडाचा मार्ग आणि श्रद्धेचा मार्ग एकच असतो असे नाही.

याहून विलक्षण साक्ष जावाच्या अंतर्भागात आहे. मजपहित या हिंदु-बौद्ध साम्राज्याच्या राजधानीच्या परिसरात त्रोवुलान आणि त्रलाया येथे मुसलमानांच्या कबरी आहेत. त्यांतील सर्वांत जुन्या शिळेवर वर्ष आहे १२९०, पण ते हिजरी नव्हे. तो शक आहे, आपल्या पंचांगातला शालिवाहन शक, म्हणजे इ.स. १३६८. अंकही जुन्या जावी लिपीतले आहेत. त्रलायाच्या शिळा शक १२९८ पासून पुढे चालू राहतात. काहींवर कुराणातील वचने आहेत आणि त्याबरोबरच मजपहितशी निगडित असलेली किरणांकित सूर्याची आकृती कोरलेली आहे. फ्रेंच विद्वान लुई-शार्ल दमे यांनी १९५७ मध्ये या लेखांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. अलंकरण पाहता या कबरी प्रतिष्ठित जावी व्यक्तींच्या, कदाचित राजकुळातील माणसांच्याही असाव्यात, असे त्यांचे मत होते.

ही वर्षे राजा हयम वुरुक याच्या कारकिर्दीतली, म्हणजे मजपहितच्या परमोत्कर्षाची आहेत. लोकप्रिय समजूत अशी की, साम्राज्य कोसळले आणि त्याच्या अवशेषांवर इस्लाम उभा राहिला. शिळा वेगळे सांगतात. साम्राज्य भरात असतानाच राजधानीच्या छायेत काही माणसे दहनाऐवजी दफन स्वीकारत होती, अरबी वचने कोरवून घेत होती आणि कालगणना मात्र वाडवडिलांचीच ठेवत होती. त्यांना यात विसंगती वाटली नसावी. निदान ज्यांनी शिळा कोरली आणि ज्यांनी ती उभी राहू दिली, त्यांना ती वाटली नाही.

अर्थात या एका चित्रावरून सर्वत्र सौम्य संक्रमण झाले असे म्हणणे हीदेखील एकांगी कथाच ठरेल. दक्षिण सुलावेसीत निराळा क्रम दिसतो. तेथे पूर्वी मृतांना पूर्व-पश्चिम दिशेने, सोबत चिनी आणि सयामी बनावटीची भांडी ठेवून पुरत. १६०५ मध्ये ताल्लो आणि गोवा (आपल्या गोव्याशी केवळ नामसाम्य असलेले राज्य) येथील राजघराण्यांनी इस्लाम स्वीकारला; १६०८ ते १६११ या काळात शेजारची बुगी राज्ये युद्धाने त्या पंथास लावण्यात आली. दफनांची दिशा उत्तर-दक्षिण झाली आणि भांडी ठेवणे बंद पडले. येथे राजाज्ञा, युद्ध आणि आचारातील बदल यांची सांगड जमिनीत वाचता येते. जुन्या दफनांतील भांड्यांच्या लोभाने चोरट्यांनी पुष्कळ जागा उकरून टाकल्या आणि त्यांबरोबर हा पुरावाही गेला, ही खेदाची गोष्ट आहे.

या साक्षीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. शिळा परवडते ती श्रीमंताला. कोळी, खलाशी, दासी यांच्या मातीच्या उंचवट्यांना नाव नसते. शिवाय कबर उंच बांधू नये, अशी शिकवण खुद्द धर्मातच आहे. म्हणून शिळा नसणे म्हणजे मुसलमान नसणे नव्हे. उलट, शिळा असणेही दर वेळी निर्णायक नसते. ग्रेसिकजवळच्या लेरान येथील फातिमा बिन्त मैमून हिची १०८२ ची शिळा जावातील सर्वांत जुनी मानली जाते, पण ती नंतर केव्हातरी परदेशातून आणली गेली असावी, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. दगडाची तारीख वाचणे सोपे. तो त्या जागी केव्हा उभा राहिला हे ठरवणे अवघड.

हा सारा खटाटोप केवळ विद्वानांच्या समाधानासाठी नाही. धर्मप्रसाराचा इतिहास आज दोन प्रकारे वापरला जातो: कोणी त्याचा अभिमान म्हणून मिरवतो, कोणी तो आरोपपत्र म्हणून वाचतो. दोघांनाही एकच तारीख, एकच कारण आणि एकच नायक किंवा खलनायक हवा असतो. कबरी ही मागणी पुरवीत नाहीत. पासाईत त्या बंदराविषयी बोलतात, त्रलायात दरबाराविषयी, सुलावेसीत राजाज्ञा आणि युद्धाविषयी. आणि त्यांचे म्हणणे एका वाक्यात मावत नाही. शक १२९० कोरलेल्या त्या शिळेखाली निजलेल्या माणसाचे मुख पश्चिमेकडे आहे, आणि त्याच्या मृत्यूचे वर्ष त्याच्या पूर्वजांच्या पंचांगात मोजलेले आहे. त्याला यांपैकी एकाची निवड करायला कोणी सांगितले नव्हते. इतिहासकारानेही ती त्याच्यावर लादू नये.