पकलची ‘डिफेन्स’ बंदूक आणि गृहरक्षणाचा प्रश्न

इ. स. १७१८ च्या मे महिन्याच्या १५ व्या तारखेस लंडन येथील जेम्स पकल नामक नोटरीस एका नव्या शस्त्राचें पेटंट मिळालें. इंग्लंडांतील पेटंटांच्या अनुक्रमांत त्याचा क्रमांक ४१८ आहे. शस्त्राचें नांव ‘डिफेन्स’ म्हणजे संरक्षण. या पेटंटाचें एकपानी पत्रक पकलनें छापून प्रसिद्ध केलें. त्यांत शस्त्राची आकृति आहे, भागांची यादी आहे, आणि शस्त्र कोठें कोठें उपयोगीं पडेल तीं स्थळेंही सांगितलीं आहेत. पूल, तटास पडलेलीं खिंडारें, मोर्च्यांच्या रांगा, अरुंद वाटा, जहाजें व होड्या यांच्या पंक्तींत तेथें ‘घरें’ हाही शब्द आला आहे. त्या एका शब्दास आधार किती, हें पाहणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शस्त्राचें स्वरूप पाहूं. तिवईवर बसविलेली एकच नळी. लांबी सुमारें ३ फूट, तोंडाचा व्यास सव्वा इंच. नळीच्या मागें एक फिरतें नळकांडें असून त्यांत दारू व गोळी आधींच भरून ठेवण्याचे कोठे आहेत. मागची मळसूत्री मूठ सैल करावी, नळकांडें हातानें फिरवून पुढला कोठा नळीसमोर आणावा, मूठ पुन्हां आवळावी आणि चकमकीनें बार काढावा. सर्व कोठे रिते झाले म्हणजे दुसरें भरलेलें नळकांडें चढवावें. ख्रिस्ती शत्रूंवर गोल गोळ्या व तुर्कांवर चौकोनी गोळ्या झाडाव्या, अशी सोयही पत्रकांत दाखविली आहे! हा तपशील चमत्कारिक खरा. परंतु कर्त्याच्या डोळ्यांपुढें कोणता शत्रु होता, हें त्यावरून कळतें. पेटंटाच्या मजकुरांतही, या शस्त्रापुढें जहाजावर चढून तें काबीज करणें जवळजवळ अशक्य होईल, असेंच म्हटलें आहे. त्याच १७१८ सालीं मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर केलेली स्वारी फसली होती. आंग्र्यांचीं गलबतें शत्रूच्या जहाजास कशीं भिडत व माणसें वर कशीं चढत, हें जाणणाऱ्या वाचकांस पकलच्या शस्त्राचें प्रयोजन निराळें सांगावयास नको.

आतां परीक्षेचा पुरावा. १७१७ सालीं वुलिच येथें सरकारी ऑर्डनन्स बोर्डापुढें प्रयोग झाला व बोर्डानें शस्त्र नापसंत केलें. पुढें १७२२ सालीं झालेल्या जाहीर प्रयोगांत, पाऊस पडत असतां, एका माणसानें ७ मिनिटांत ६३ बार काढल्याची हकीकत लंडनच्या वृत्तपत्रांत आली. म्हणजे मिनिटास ९ बार. त्या काळीं साध्या चकमकीच्या बंदुकीचा निष्णात शिपाई मिनिटास ३ बारांच्या वर क्वचितच जाई. तेव्हां शीघ्रतेविषयीं पकलनें केलेली प्रतिज्ञा खोटी नव्हती. तरीही मोठें गिऱ्हाईक त्यास लाभलें नाहीं. ड्यूक ऑफ माँटेग्यू यानें १७२२ च्या सेंट ल्युशिया व सेंट व्हिन्सेंट या बेटांवरील मोहिमेसाठीं दोन नग घेतले, हीच काय ती सांगण्यासारखी खरेदी. १७२४ सालीं पकल वारला.

शीघ्रता सिद्ध झाली म्हणून गृहरक्षणाची उपयुक्तता सिद्ध होत नाहीं. ती देश, काल व पात्र या तीन अंगांनीं तपासली पाहिजे.

देश: जहाजाचा काठ, पूल किंवा खिंडार येथें शत्रु कोणत्या बाजूनें येणार हें ठाऊक असतें, आणि नळीसमोर शत्रूवांचून दुसरें कोणी नसतें. घरास दारें व खिडक्या अनेक. समोर गल्ली, गल्लीपलीकडे शेजाऱ्याची भिंत. चुकलेली गोळी समुद्रांत पडते तशी येथें पडत नाहीं.

काल: जहाजावर शत्रूचें शीड बऱ्याच आधीं दिसतें, तेवढ्यांत दारू भरतां येते. चोर मात्र झोपेच्या वेळीं येतो. शस्त्र सदैव भरून ठेवावें तर रंजक दमट होते, व घरांतील मुलाबाळांस नित्याचा धोका.

पात्र: जहाजावर खलाशी, पहारेकरी व दारूकोठार हीं असतातच. घरांत बहुधा एक गृहस्थ व त्याचें कुटुंब.

येथें पूर्वपक्ष असा निघेल कीं, चोराची गोष्ट सोडा. जमाव किंवा टोळी घरावर चालून आली तर एकट्या माणसास शीघ्र बारांवांचून तरणोपाय कोणता? भय खोटें नव्हतें. दंग्यांमुळेंच इंग्लंडांत १७१५ च्या ऑगस्टपासून नवा कायदा अमलांत आला होता. हुकूम वाचून दाखविल्यावर १२ किंवा अधिक लोकांचा जमाव तासाभरांत न पांगल्यास तो घोर अपराध ठरे. परंतु टोळीशीं झुंजावयाचें तर पाळीचा पहारा हवा, दारूचा सांठा हवा, नळकांडीं भरून देणारीं माणसें हवींत. एवढें सर्व ज्याच्यापाशीं आहे त्याचें घर हें घर राहिलें नाहीं. ती गढी झाली. आणि गढीचेंही रक्षण प्रथम भिंत, दरवाजा व जागतीं माणसें करितात. शस्त्राची पाळी त्यांच्या मागून येते.

पकलनंतर दोन शतकांनीं हाच प्रकार अमेरिकेंत पुन्हां घडला. जनरल जॉन थॉम्प्सन याच्या नांवाची हातांतील यांत्रिक बंदूक पहिल्या महायुद्धाच्या खंदकांसाठीं योजिलेली होती. युद्ध १९१८ सालीं संपल्यानें ती तेथें पोंचली नाहीं. मग १९२१ पासून ती बाजारांत आली. किंमत सुमारें २०० डॉलर. मोठ्या इस्टेटी, गुरांचीं कुरणें व मळे यांच्या रक्षणास ही बंदूक आदर्श होय, असें तिच्या जाहिरातींत छापलें होतें. ओसरींतून दरोडेखोरांवर ती झाडणाऱ्या गुराख्याचें चित्रही होतें. तिचा वेग मिनिटास सुमारें ८०० गोळ्यांचा. म्हणजे ५० गोळ्यांचें नळकांडें चार सेकंदांच्या आंत रितें! झाडतांना नळी वर उसळते, म्हणून पुढें तोंडाशीं ती दाबून धरणारें साधन बसवावें लागलें. १९२८ च्या आरमारी नमुन्यांत वेगही कमी करण्यांत आला. कर्त्यांनीं स्वतः केलेल्या या दुरुस्त्या जाहिरातीपेक्षां अधिक बोलक्या आहेत.

विक्री मंदच राहिली. तिची कुप्रसिद्धि मात्र टोळीवाल्यांच्या हातून झाली. १९२९ च्या फेब्रुवारी महिन्यांत शिकागो येथें सात माणसें भिंतीशीं उभीं करून मारलीं गेलीं, तेथें अशाच दोन बंदुका वापरल्या होत्या. १९३४ च्या कायद्यानें यांत्रिक बंदुकांची नोंदणी आवश्यक झाली व हस्तांतरावर २०० डॉलर, म्हणजे जवळजवळ मूळ किंमतीएवढाच, कर बसला. १९८६ पासून तर खासगी नागरिकांसाठीं नव्या यांत्रिक बंदुकांची नोंदणीच तेथें बंद झाली.

बखरींतील विधान आपण अस्सल पत्राशीं ताडून पाहतों. जाहिरातीचें पत्रकही त्याच न्यायानें वाचावें. पकलच्या पत्रकांतील ‘जहाजें’ या शब्दामागें योजना आहे, ‘तुर्क’ या शब्दामागें भय आहे; ‘घरें’ या शब्दामागें मात्र विक्रेत्याच्या आशेवांचून कांहीं दिसत नाहीं. शीघ्र बाराचें शस्त्र जेथें समोर केवळ शत्रु असतो तेथें शोभतें. घराच्या भोंवतीं शेजारी असतात व आंत आपलीं माणसें असतात; तेथें अनेक बारांपेक्षां भक्कम अडसर, वेळीं आलेली जाग व हांकेस धांवणारा शेजार हींच अधिक उपयोगाचीं, असा या दोन्हीं लेखांच्या परीक्षणावरून निर्णय होतो.