जत्रेतली काचेची पेटी : कोनी आयलंडची एक विस्मृत कथा

१/ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागाच्या दक्षिण टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी कोनी आयलंड वसले आहे. १८९७ ते १९०४ या काळात तेथे स्टीपलचेस, लूना पार्क आणि ड्रीमलँड ही तीन भव्य मनोरंजन उद्याने उभी राहिली. लूना पार्क रात्री लाखाहून अधिक विजेच्या दिव्यांनी उजळून निघे. त्याच झगमगाटात १९०३ पासून एक विलक्षण ‘खेळ’ सुरू झाला : काचेच्या पेट्यांत ठेवलेली, अपुऱ्या दिवसांची जिवंत बालके!

२/ हे क्रौर्य वाटेल. पण कारण जाणून घ्या. अशा बालकांना ऊब देणारी पेटी पॅरिसमध्ये १८८०च्या सुमारास स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने प्रचारात आणली. कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्रावरून त्याला ती सुचली होती. अमेरिकेतील बहुतेक रुग्णालयांत मात्र ती नव्हती. पेटी महाग, अहोरात्र देखभालीचा खर्च मोठा; आणि ही मुले जगायची नाहीतच, अशी सार्वत्रिक समजूत.

३/ मार्टिन कूनीने यावर अजब तोड काढली. खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून भागवायचा. आईवडिलांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. तिकीट होते २५ सेंट. आत प्रशिक्षित परिचारिका, दूध पाजणाऱ्या दाया आणि कडक स्वच्छता.

४/ २७ मे १९११ रोजी पहाटे ड्रीमलँड आगीत भस्मसात झाले. तेथील पेट्यांमधली बालके मात्र सुखरूप बाहेर काढण्यात आली. ते उद्यान पुन्हा उभे राहिले नाही. त्या जागी आज न्यूयॉर्कचे मत्स्यालय आहे.

५/ १९२०मध्ये भुयारी रेल्वे थेट किनाऱ्यापर्यंत आली. अवघ्या ५ सेंटांत श्रमिक कुटुंबे समुद्रावर येऊ लागली आणि कूनीच्या दालनापुढची गर्दीही वाढली.

६/ कूनीकडे वैद्यकीय पदवी असल्याचा पुरावा संशोधकांना सापडलेला नाही. तरीही, त्याच्या हिशेबाप्रमाणे, त्याच्या सर्व प्रदर्शनांत मिळून आलेल्या सुमारे ८,००० बालकांपैकी ६,५०० वाचली. १९४३मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अशा बालकांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला, तेव्हा त्याने आपले दालन कायमचे बंद केले.

७/ असहाय जिवांचे प्रदर्शन मांडणे योग्य होते का? प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : जे कर्तव्य रुग्णालयांचे होते, ते चाळीस वर्षे जत्रेवर का सोपवले गेले?