दासगाव बंदर ते चवदार तळं



वर्षातून एकदा गटाच्या पैशातून एक दिवस बाहेर पडायचं, असा आमच्या बचत गटांचा नेम आहे. महाबळेश्वर झालं, हरिहरेश्वर झालं, रायगड तर दोनदा झाला. मागच्या वर्षी सहल ठरवायला बसलो तेव्हा पोलादपूरकडच्या एक आजी म्हणाल्या, "दर २० मार्चला चवदार तळ्यावर एवढी माणसं येतात. त्या दिवशी आपण बाजाराला जायचंही टाळतो, गर्दी असते म्हणून. पण तिथं काय झालं, ते आपल्याला कोणी बसून सांगितलंय का?"

कोणालाच धड सांगता येईना. मग ठरलं, या वेळी गाडी करून फिरायचं नाही. दासगावच्या बंदरावरून महाडच्या चवदार तळ्यापर्यंत चालत जायचं. ५ मैल, म्हणजे साधारण ८ किलोमीटर. वाट दाखवायला एक निवृत्त गुरुजी तयार झाले. डिसेंबरातल्या थंडीत, भाकरीची फडकी बांधून आम्ही २१ जणी दासगावला उतरलो.

आता दासगाव म्हटलं की आपल्याला मुंबई-गोवा महामार्गावरचा एसटीचा थांबा आठवतो. जुलै २००५ मध्ये इथं दरड कोसळली, तीही आठवते. पण गुरुजींनी आम्हाला आधी नदीवर नेलं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत दासगावला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. समुद्राची भरती याच खाडीतून आत चढते. लहान होड्या भरती बघून महाडपर्यंत जात, मोठी गलबतं दासगावलाच लागत. मीठ आणि मासळी इथून घाटावर जाई. वरच्या टेकडीवर दौलतगड नावाचा लहानसा किल्ला होता, त्याच्या खुणा अजून आहेत.

"बायांनो," गुरुजी म्हणाले, "रस्ते झाले नव्हते तेव्हा मुंबईला जायचं ते बोटीनं. तुमचे आजे-पणजे गिरणीत गेले ते असल्याच बंदरांवरून."

हे ऐकल्यावर नदीकडे बघायची आमची नजरच बदलली. आजीबाई काही वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

२५ डिसेंबर १९२७ ला दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच बंदरावर उतरले. आदल्या दिवशी ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले होते. त्यांना घ्यायला हजारो माणसं दासगावला थांबली होती. ती सगळी इथून महाडला चालत गेली. या लढ्याची तयारी करणाऱ्यांतले पुढारी रामचंद्र बाबाजी मोरे, म्हणजे आर. बी. मोरे, हे दासगावचेच. महाडच्या आधी दासगावातही क्रॉफर्ड या नावाच्या पाणवठ्यावर दलितांनी पाण्याचा हक्क बजावला होता. आमच्यातल्या दोघींचं माहेर दासगावच्या शेजारचं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

महामार्गावर गाड्यांची वर्दळ फार. गुरुजींनी आम्हाला एकामागे एक चालायला लावलं. महाड जवळ आलं तशी डाव्या हाताला गांधारपाल्याची लेणी दिसली. ही सुमारे १८०० वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी. कानभोज विष्णुपालित नावाच्या राजकुमारानं दान दिल्याचा लेख तिथं कोरलेला आहे. त्या दानात भिक्षूंच्या खोल्या आहेत आणि पाण्याच्या टाक्याही आहेत. पायऱ्या चढून वर गेलो, तिथंच भाकऱ्या सोडल्या. डोंगराच्या पोटात पाणी साठवून ते दान म्हणून देणारी माणसं आपल्याच भागात होती. आणि याच डोंगराच्या पायथ्याशी पुढे माणसाला पाण्यासाठी कोर्टात जावं लागलं.

दुपार कलताना चवदार तळ्यावर पोचलो. पायऱ्यांवर बसलो आणि गुरुजींनी सगळं ओळीनं सांगितलं.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या कराव्यात. तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तळ्यावर जायची सोय कोणाला झाली नाही. आपण गटाच्या रजिस्टरमध्ये ठराव लिहितो. लिहिलेला ठराव आणि झालेलं काम यात किती अंतर असतं, हे आपल्याला सांगायला नको. ते अंतर तोडायला २० मार्च १९२७ ला लोक मिरवणुकीनं तळ्यावर आले आणि बाबासाहेबांबरोबर पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. परत निघालेल्या माणसांना मारहाण झाली. पुढे दही, दूध, शेण, गोमूत्र घालून १०८ घागरींनी तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा मांडवाला जागा मिळेना. फत्तेखान या गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ तारखेच्या रात्री तिथं मनुस्मृती जाळली. तळ्याचं प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि कोर्टाचा मनाई हुकूम होता, म्हणून त्या वेळी पाणी न घेता मिरवणूक तळ्याभोवती फिरून परतली. अखेर १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात निकाल लोकांच्या बाजूनं लागला. पहिली ओंजळ भरल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षं गेली, त्यात फक्त तीन दिवस कमी.

त्या परिषदेला बायाही आल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळं बोलले. लुगडं नीट नेसा, ओळख पटवणारे जड दागिने टाका, मुलींना मुलांसारखंच शिकवा, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका, असं सांगितलं. लुगडं कसं नेसायचं ते टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या बायकांनी त्यांना दाखवलं. म्हणजे त्या दिवशी महाडमध्ये एका जातीच्या बाईनं दुसऱ्या जातीच्या बाईच्या निऱ्या हातात घेतल्या. तिथं जमलेल्या बहुतेक बायांची नावं आपल्याला मिळत नाहीत.

गुरुजी बोलायचे थांबले. तेव्हा आमच्यातली एक जण, जी कधी फार बोलत नाही, ती म्हणाली, "मी मीटिंगला येताना घरून बाटली आणते. का आणते, ते कोणी मला विचारलं नाही."

मैत्रिणींनो, आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं. तिच्या गटात आठ वर्षं बैठका झाल्या. रजिस्टरवर सगळ्यांच्या सह्या एका पानावर होत होत्या, कर्ज सगळ्यांनी मिळून फेडलं होतं. पण तांब्या फिरायचा तेव्हा तो तिच्यापर्यंत जायचा नाही. आम्ही हिशेब तपासायला जायचो, हेही बघायचो आणि गप्प बसायचो. गट फुटेल अशी भीती वाटायची. जुलै २०२१ च्या महापुरानंतर एकाच टँकरपुढे सगळ्यांचे हंडे लागले होते, तेव्हा कोणाचा हंडा कोणाला लागला हे कोणी बघितलं नव्हतं. पाणी ओसरलं, आणि बाटली परत आली.

परतताना गाडीत कोणी गाणी म्हटली नाहीत.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आम्ही एक कळशी आणि एकच तांब्या मध्ये ठेवला. ठराव लिहिला नाही. पहिल्यांदा आजीबाईंनी तांब्या उचलला, प्याल्या, आणि तो त्या बाईच्या हातात दिला. तिच्याकडून पुढे गेला. दोघी प्याल्या नाहीत. एक म्हणाली, तहान नाही. दुसरी म्हणाली, आज उपास आहे. आजी म्हणाल्या, "उपासाला पाणी चालतं गो." सगळ्या हसल्या, तीही हसली, पण त्या दिवशी तिनं तांब्या हातात घेतला नाही. दोन महिन्यांनी घेतला.

तुमच्या गावात दासगाव नसेल, पण पाणवठा असेलच. तो कोणी बांधला, कोणाला बंद होता, कोणामुळे खुला झाला, हे एका दुपारी म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि गटातल्या सगळ्या जणी मिळून तिथपर्यंत चालत जा. आणि पुढच्या बैठकीत रजिस्टर उघडण्याआधी बघा, पाण्याचा तांब्या शेवटच्या बाईपर्यंत पोचतोय का.