गौताळा-औट्रमघाट : एका अरण्याची दोन नावे

१/
चाळीसगावहून कन्नडचा घाट चढू लागले की खानदेशचे मैदान मागे पडते आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतील दाट झाडी सुरू होते. हेच गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. ‘माणसाचा हात न लागलेला निसर्ग’ असे याचे वर्णन सर्रास केले जाते. ते खरे नाही.

२/
खडक निसर्गाचा : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यावर छिन्नी चालली ती इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास. पितळखोऱ्याच्या घळीत बौद्ध लेणी कोरली गेली. तेथील खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान नोंदलेले आहे. तेथे सापडलेल्या यक्षमूर्तीवर कान्हदास या सोनाराचे नाव आहे. आज ओसाड वाटणारी ही घळ त्या काळी बाजारपेठांशी जोडलेली होती.

३/
डोंगराच्या पायथ्याशी पाटण. आज लोक तेथे पाटणादेवीच्या दर्शनाला आणि धबधब्यासाठी जातात. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला इ. स. १२०७ चा शिलालेख मात्र वेगळेच पाटण दाखवतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने येथे मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले.

४/
लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि खरी गंमत तेथेच आहे. मठाला कोणी काय द्यायचे, याची ती यादी. गावात जितके तेलाचे घाणे चालतील, तितक्यांकडून पळी पळी तेल! ज्या गावात घाण्यांवर असा हक्क लावता येतो, तेथे तेलबियांची शेते हवीत, बैल हवेत, गिऱ्हाईक हवे. आज जेथे साग आणि अंजन दिसतो, त्याच्या आसपास कधीकाळी नांदती पेठ होती. रान नंतर परतले.

५/
१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला. डोंगरातील भिल्लांनी ती सत्ता सहजी मानली नाही. १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम याने धरणगावास भिल्ल पलटण उभारण्यास घेतली; भिल्लांचा बंदोबस्त भिल्ल शिपायांकरवी. त्याच सुमारास कन्नड येथे भिल्ल एजन्सी आली. तगाई देऊन डोंगरातील कुटुंबांना शेतीवर बसवणे हे तिचे काम. जमिनीचे रूप पुन्हा पालटले, या वेळी सरकारी धोरणाने.

६/
१९८६ मध्ये अभयारण्य घोषित झाले. ‘गौताळा’ हे नाव परंपरा गौतम ऋषींशी जोडते. ‘औट्रमघाट’ त्या लेफ्टनंटाचे. एक तपस्वी, एक लष्करी अधिकारी. ज्यांना डोंगराबाहेर काढण्यासाठी पलटण आणि एजन्सी लागली, त्या भिल्लांचे नाव फलकावर नाही.